नामनिर्देशित प्रतिनिधी आणि पालक: सही नेमकी कोणाची?

"तिले काय समजते? मीच तिचा गार्डियन आहो." मानसिक आजार असलेल्या बहिणीबद्दल, आईबद्दल असं बोलणारे पुष्कळदा तिला मनापासून सांभाळणारेच असतात. पण कायद्याच्या दृष्टीने ते बहुधा पालक नसतात. फार तर नामनिर्देशित प्रतिनिधी असतात, आणि या दोघांचे अधिकार फार वेगळे आहेत.

प्रतिनिधी येतो मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधून. त्याचं काम उपचारापुरतं. कोणतीही सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून आपला प्रतिनिधी नेमू शकते. नातेवाईकच हवा असं नाही, विश्वासाची शेजारीणही चालते. जिला नेमायचं, त्या व्यक्तीचा लेखी होकार मात्र लागतो. प्रतिनिधी नेमला म्हणजे त्या माणसाला स्वतःचा निर्णय घेता येत नाही, असा अर्थ काढायचा नाही, हे कायद्यातच लिहिलेलं आहे. मला ही ओळ सगळ्यात मोलाची वाटते. प्रतिनिधीने आजारी व्यक्तीची आजची आणि पूर्वीची इच्छा ध्यानात घ्यायची, निर्णय घ्यायला मदत करायची. त्याने अर्ज केला म्हणून लगेच भरती होत नाही. त्याआधी एक मनोविकारतज्ज्ञ आणि आणखी एक तज्ज्ञ किंवा डॉक्टर यांनी तिला स्वतंत्रपणे तपासावं लागतं.

पालकाचा रस्ता दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधून जातो. पुरेशी मदत देऊनही एखाद्याला कायदेशीर निर्णय घेता येत नसेल, तरच जिल्हा न्यायालय किंवा शासनाने नेमलेलं प्राधिकरण मर्यादित पालक देऊ शकतं. ठरावीक निर्णयासाठी, ठरावीक काळापुरता, आणि तिच्या इच्छेला धरून. निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा. हा कायदा लागू झाल्यापासून जुन्या आदेशांतले पालकही मर्यादित पालकच मानले जातात.

खरा घोळ होतो घराच्या वाटणीत. समजा, नागपुरातल्या महाल भागातलं वडिलोपार्जित घर विकायचं आहे आणि दवाखान्यातला प्रतिनिधीचा कागद दाखवून भाऊ बहिणीच्या वतीने सही करू पाहतो. त्या कागदाने घर विकता येत नाही. मालमत्ता बाळगण्याचा, वारसा मिळण्याचा, स्वतःचे पैसे सांभाळण्याचा हक्क तिचा इतरांइतकाच आहे. शिवाय एखाद्या व्यवहारात मदत करणाऱ्याचं हित तिच्या हिताविरुद्ध जात असेल, तर त्या व्यवहारात त्याने मदतीतून बाजूला व्हायचं असतं. नुसतं रक्ताचं नातं आहे म्हणून कायदा असा विरोध गृहीत धरत नाही, पण वाटणीत तो आहे का, हे विचारायलाच हवं.

आणखी एक चुकीचं दार आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालक नेमते, असं ऐकून लोक सिव्हिल लाइन्सला, जिल्हाधिकारी कार्यालयात जातात. ती समिती १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याची: स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी. नुसता स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असेल, तर तो अर्ज तिथे चालत नाही.

प्रादेशिक मनोरुग्णालयातून बरं वाटूनही ज्यांना घरचे नेत नाहीत, त्यांच्याबद्दलही २०१७ चा कायदा स्पष्ट आहे: कुटुंब नाही किंवा स्वीकारत नाही एवढ्या कारणावरून कोणाला तिथे ठेवून घेता येत नाही. समाजात राहण्यासाठी गरजेची सोय, हाफवे होम (दवाखाना आणि घर यांच्यामधला टप्प्याचा निवास) किंवा गट-निवास, ही शासनाची जबाबदारी आहे. "पालक आल्याशिवाय सोडता येत नाही" असं सांगितलं, तर कलम १९ दाखवा.

आणि स्वतः नेमलेला प्रतिनिधी पटत नसेल, तर तो कधीही बदलता येतो.