सकाळी घट्ट, संध्याकाळी सैल : गुडघ्याखाली कृत्रिम पाय वापरणाऱ्यांसाठी

"पाय बिघडला वाटतं." आमच्या मिरजेच्या कार्यशाळेत दुपारनंतर येणारे निम्मे फोन याच वाक्याने सुरू होतात. सकाळी घातला तेव्हा नीट बसला होता, जेवणवेळेपर्यंत डुगडुगायला लागला, आणि आता पाऊल उचललं की आत वरखाली होतो. अशा वेळी पाय बहुधा बिघडलेला नसतो. सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाचा वरचा पोकळ भाग, सकाळी होतं तेवढंच आहे. आत बसणारा स्टंप, म्हणजे तुमच्या पायाचा उरलेला भाग, बारीक झालाय.

नवा पाय ताब्यात देताना हे आम्ही तोंडी सांगतोच. पण त्या दिवशी सगळं लक्ष पायाकडे असतं, सोबत आलेल्यांचं फोटोकडे, आणि घरी पोचेपर्यंत निम्मं विसरलेलं असतं. म्हणून हे लिहून दिलंय. गुडघ्याच्या वरून पाय गेलेल्यांचे प्रश्न वेगळे, त्यांना यातलं सगळं लागू पडणार नाही.

स्टंप दिवसभर एकसारखा राहत नाही

मिरजेत सतारी करणारे कारागीर भोपळा वाळवून घेतात आणि मग त्याच्या आकाराप्रमाणे पुढचं काम करतात. वाळलेला भोपळा पुन्हा फुगत नाही. आमची पंचाईत अशी की आम्हाला न वाळलेल्या भोपळ्यावर काम करावं लागतं.

रात्रभर पाय काढून झोपलात की स्टंपमध्ये पाणी उतरतं, तो थोडा फुगतो. सकाळी सॉकेट घालून उभं राहिलात की प्रत्येक पावलाला वजनाचा दाब येतो आणि ते पाणी हळूहळू वर सरकतं. फरक डोळ्याला दिसत नाही, पण सॉकेटमध्ये एका मोज्याच्या जाडीनेसुद्धा बसणं बदलतं. अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जोन सँडर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बरीच वर्षं काम केलंय. स्टंपवर इलेक्ट्रोड लावायचे, अगदी मंद वीज सोडायची आणि आतलं पाणी किती कमी-जास्त होतं ते माणूस बसलेला, उभा असताना, चालताना मोजायचं. त्यातून आपल्या उपयोगाची एक गोष्ट पुढे आली : दिवसात मध्येच थोडा वेळ पाय काढून बसलं तर गेलेलं पाणी काही प्रमाणात परत येतं आणि बऱ्याच जणांत पाय पुन्हा घातल्यावरही काही काळ टिकतं.

तेव्हा दुपारी जेवताना पाय काढून ठेवा. लोक काय म्हणतील म्हणून दुकानात, कचेरीत दिवसभर तसेच बसून राहणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत. पंगतीत लाज वाटत असेल तर आतल्या खोलीत जाऊन काढा, पण काढा.

सगळ्यांचाच स्टंप संध्याकाळी बारीक होतो असं मात्र नाही. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांना उलटंही होतं. डायलिसिस घेणाऱ्यांचा स्टंप तर आज एक, उद्या दुसराच. इथे आमची एक चूक सांगतो. कृष्णाकाठचे एक काका महिन्यात तीनदा आले, दर वेळी पाय घट्ट होतो म्हणून. आम्ही तिन्ही वेळा सॉकेट आतून घासलं. चौथ्यांदा आले ते पाय गळून पडतो अशी तक्रार घेऊन. विचारल्यावर कळलं, पाणी उतरवायची गोळी त्यांनी मधे स्वतःच बंद केली होती आणि डॉक्टर रागावल्यावर पुन्हा सुरू केली. घासलेलं सॉकेट काही परत भरत नाही. नवं करून द्यावं लागलं, आमच्या खर्चाने. तेव्हापासून पाय हातात घेण्याआधी आम्ही गोळ्या विचारतो. डॉक्टरने गोळी बदलली तर आम्हालाही कळवा.

मोज्यांचा हिशोब

पायासोबत पिशवीत दिलेले मोजे थंडीसाठी नाहीत. त्यांच्या जाडीला प्लाय म्हणतात : १, ३ आणि ५ प्लाय. सैल वाटलं की एकदम ५ चढवू नका, १ चढवून चार पावलं टाकून बघा. आतला लायनर, म्हणजे स्टंप आणि सॉकेटच्या मधलं मऊ अस्तर, फोमचा असेल तर मोजा कातडीवर, त्यावर लायनर, मग सॉकेट. सिलिकॉनचा असेल तर लायनर थेट कातडीवर आणि मोजा त्याच्यावर. यात उलटापालट केली की दोन दिवसांत फोड येतो. मोज्याची शिवण टोकाच्या हाडावर येऊ देऊ नका, आणि चुणी तर कुठेच नको.

कमी मोजे असले की स्टंप खाली घसरतो : टोक दुखतं, सॉकेटची पुढची कड गुडघ्याच्या वाटीला टोचते. जास्त झाले की उलटं. स्टंप तळापर्यंत पोचतच नाही, वर करकचून आवळला जातो आणि खाली पोकळी राहते. अशा पोकळीत टोक सुजतं, काळं पडतं, कालांतराने कातडी जाड आणि खरखरीत होते. त्यावर मलम लावून उपयोग नसतो, पोकळी भरावी लागते. घरच्या घरी बघायचं असेल तर कणकेची सुपारीएवढी गोळी सॉकेटच्या तळाशी टाका, पाय घालून एकदा उभे राहा आणि काढून बघा. गोळी तशीच गोल राहिली तर स्टंप खाली पोचत नाही. पार चपटी होऊन पातळ झाली तर सगळं वजन टोकावर जातंय. नुसती दबली असेल तर ठीक. गोळी नंतर काढायला विसरू नका. विसरलेले आहेत.

सगळे मोजे मिळून १० प्लायच्या वर जायला लागले की मोजे वाढवणं थांबवा आणि नव्या मापासाठी या. ऑपरेशननंतरच्या पहिल्या वर्षात हे होणारच. सूज उतरते, न वापरलेले स्नायू आटतात. पहिला पाय लवकर बाद झाला म्हणून फसवलं गेल्याची भावना होते, ती आम्हाला समजते. पण पहिलं सॉकेट वर्षानुवर्षं चालेल असं जो सांगतो, त्याच्याकडून सावध राहा.

वजन नेमकं कुठे पडतं

स्टंपचं टोक वजन घेण्यासाठी नसतं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात सॉकेटची जी रचना बसवली गेली, तिच्यावरच आजही आपल्याकडचं बहुतेक काम चालतं. गुडघ्याच्या वाटीच्या खाली बोटाने दाबून बघा, एक जाड पट्टा लागतो. तो दाब सोसतो. नडगीच्या आतल्या बाजूचा वरचा पसरट भागही सोसतो. नडगीची धार, तिचं कापलेलं टोक आणि गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला लागणारी हाडाची गाठ मात्र सोसत नाही. म्हणून प्लास्टरच्या साच्यावर आम्ही काही ठिकाणी खरवडतो आणि काही ठिकाणी भर घालतो. कारागिरी काय ती एवढीच, बाकी पाइप आणि बोल्ट.

पाय काढल्यावर वाटीखाली आडवा लाल पट्टा दिसला तर घाबरू नका, तो दिसायलाच हवा. दहा-पंधरा मिनिटांत लाली गेली पाहिजे. गेली नाही, किंवा ती हाडाच्या गाठीवर वा टोकावर असेल, तर पाय बाजूला ठेवा आणि फोन करा. मधुमेह असणाऱ्यांनी दुखण्याची वाट बघू नये. संवेदना कमी झालेली असते, जखम झाली तरी कळत नाही. खाली आरसा धरून रोज रात्री बघा, आणि त्याच वेळी दुसऱ्या, चांगल्या पायाचा तळवाही बघा. तो पाय आता जास्त भार उचलतोय.

दम लागतो, कारण पोटरी नाही

चालताना माणसाला पुढे ढकलणारा सगळ्यात मोठा धक्का पोटरी आणि घोटा देतात, टाच उचलली जाते त्या क्षणी. साध्या कृत्रिम पावलात स्नायू नाही, म्हणून धक्का नाही. ते काम खुब्याकडे आणि दुसऱ्या पायाकडे जातं. कॅलिफोर्नियातल्या रँचो लॉस अमिगोस रुग्णालयात रॉबर्ट वॉटर्स, जॅकलिन पेरी आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये याची मोजदाद प्रसिद्ध केली. धडधाकट माणूस आपल्या चालीने मिनिटाला सुमारे ८० मीटर जातो. अपघातात गुडघ्याखाली पाय गेलेले सुमारे ७१ मीटर. रक्तवाहिन्या बंद होऊन पाय गेलेले, जे बहुधा वयस्कही असतात, ते सुमारे ४५. दम फार वाढू नये म्हणून शरीर आपसूक वेग कमी करतं. तेव्हा घरच्यांनी "जरा पाय उचल की" म्हणून मागे लागू नये.

कार्बनचं पाऊल घेतलं तर फरक पडतो का, असं विचारतात. स्प्रिंगसारखं दबून ते थोडी ताकद परत देतं, भराभर चालणाऱ्याला ते जाणवतं. आम्ही ती विकतो, नफाही त्यातच जास्त आहे. पण सॉकेट नीट नसेल तर महागड्या पावलाने काहीही होणार नाही. पैसे मोजकेच असतील तर ते सॉकेटवर आणि लायनरवर घाला.

चप्पल बदलली की पाय बदलतो

पायाचा कोन आम्ही तुमच्या चपलेच्या टाचेप्रमाणे लावतो. बुटावर लावलेला पाय सपाट स्लिपरमध्ये घातला की गुडघा मागे ढकलला जातो, चढावर चालल्यासारखं वाटतं. उंच टाचेत घातला की गुडघा पुढे मोडू बघतो, आणि हे पडण्याचं कारण ठरू शकतं. लग्नासाठी नवी कोल्हापुरी घेतली असेल तर आधी आमच्याकडे घेऊन या, कोन पुन्हा लावायला फार वेळ लागत नाही.

घरात, देवळात, शेतात अनवाणी चालणाऱ्यांनी माप देतानाच तसं सांगावं. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात १९६० च्या दशकात कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जे रबरी पाऊल घडवलं, ते याच गरजेतून. विलायती पाऊल बुटाशिवाय चालत नव्हतं आणि उकिडवं बसू देत नव्हतं. आपल्याकडे कुठल्याही कृत्रिम पायाला जयपूर फूट म्हणतात, खरं तर ते नाव त्या पावलाचं. चिखलात उतरणाऱ्या शेतकऱ्याला आम्ही अजून तेच सुचवतो. वजनाला थोडं जड, पण बांधावर भरवशाचं.

नसलेला पाय दुखतो

गेलेल्या पायाची बोटं मुरगळल्यासारखी वाटणं, तळव्याला आग होणं, हे वेड नाही आणि करणीही नाही. मेंदूतली त्या पायाची जागा अजून जागी असते. मूळचे तमिळनाडूचे व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात यावर आरशाचा उपाय सुचवला. दोन पायांच्या मध्ये उभा आरसा ठेवायचा, त्यात चांगल्या पायाचं प्रतिबिंब बघत तो सावकाश हलवायचा आणि गेलेला पायही तसाच हलतोय असं मनात आणायचं. २००७ मध्ये अमेरिकी सैनिकांवर झालेल्या एका छोट्या चाचणीत रोज १५ मिनिटं, ४ आठवडे हे केल्यावर आरशाच्या गटातल्या सगळ्यांचं दुखणं कमी झालं. सगळ्यांनाच गुण येईल असं नाही, पण आरशाला खर्च नाही. आधी फिजिओकडून एकदा शिकून घ्या.

रोजचं थोडक्यात

स्टंप रात्री धुवा, सकाळी नको. ओलसर कातडी सॉकेटला चिकटते आणि सोलते. साबण पूर्ण निघू द्या. पाय घालण्याआधी तेल, स्पिरिट, पावडर काही लावू नका. लायनर रोज धुऊन सावलीत वाळवा. गुडघ्याखाली उशी घेऊन झोपू नका. बरं वाटतं, पण गुडघा वाकलेलाच आखडतो आणि मग कितीही चांगला पाय केला तरी चाल सुधारत नाही.

येताना

दोन्ही पायांतली चप्पल आणा, फक्त चांगल्या पायातली नको. सगळे मोजे, गोळ्यांची चिठ्ठी आणि अर्धी पँट किंवा सैल लेंगा आणा. माप आम्ही शक्यतो सकाळी ११ च्या सुमाराला घेतो, तेव्हा सूजही उतरलेली असते आणि स्टंप पार आटलेलाही नसतो. आमच्याकडे मापाला हात लावणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी भिंतीवर लावलेली आहे, ती वाचून घ्या. दुसरीकडे गेलात तरी ती मागा. ट्रायलच्या दिवशी जेवून या, दोन-तीन तास मोडतात आणि शेवटच्या अर्ध्या तासात तुम्हाला जिना चढायला लावणार आहोत.