पॅकेज टाकण्याआधी मशीनचे आटे बघा
(आमच्याकडून डेबियन लिनक्स बसवून घेतलेल्या दुकानदार आणि कारखानदार ग्राहकांसाठी)

उद्यमनगरात काम केलेल्याला वेगळं सांगायला नको: मिलिमीटर आट्याच्या बोल्टवर इंची आट्याचा नट बसत नाही. दिसायला दोन्ही सारखेच. पण पान्याने जोर लावला की आटे जातात. लिनक्सच्या पॅकेजचंही, म्हणजे मशीनवर बसवायच्या प्रोग्रामच्या गठ्ठ्याचंही, तसंच आहे. प्रोसेसरची जात, म्हणजे आर्किटेक्चर, जुळलं तरच ते चालतं.

डाउनलोड केलेल्या डेब फाइलच्या, म्हणजे डेबियन पॅकेजच्या, नावाचं शेपूट वाचा, तिथेच आर्किटेक्चर लिहिलेलं असतं. ‘एएमडी६४’ म्हणजे आजचे नेहमीचे पीसी. मशीन इंटेलचं असलं तरी हेच लागतं, नावावर जाऊ नका. ‘आय३८६’ म्हणजे जुनं ३२ बिट. ‘आर्म६४’ रास्पबेरी पायसारख्या छोट्या मशीनसाठी. ‘ऑल’ असेल तर कुठेही चालतं, उदाहरणार्थ देवनागरी फॉन्ट.

शिरोली एमआयडीसीतल्या एका ग्राहकाने वजनकाट्याचा जुना प्रोग्राम नव्या मशीनवर आणला. चालवला की उत्तर यायचं, ‘अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही’. फाइल तर डोळ्यांसमोर! बिचाऱ्यांनी ती तीनदा कॉपी केली. प्रोग्राम ३२ बिटचा होता आणि तो सुरू करून देणारा ३२ बिट लोडर मशीनवर नव्हता. सापडत नव्हती ती फाइल ही. आम्ही डीपीकेजीला (डेबियनमध्ये पॅकेजं बसवणारा प्रोग्राम) आय३८६ हे दुसरं आर्किटेक्चर जोडून दिलं, पॅकेजांची यादी ताजी केली, त्या प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्ररी (प्रोग्राम वापरतो ते तयार भाग) आय३८६ च्या टाकल्या आणि काटा सुरू झाला. ही मल्टिआर्च सोय डेबियन ७ पासून, म्हणजे २०१३ पासून आहे. दोन्हींच्या लायब्ररी वेगवेगळ्या फोल्डरमध्ये राहतात, त्यामुळे भांडण नाही.

एक अट मात्र कडक आहे. एकच लायब्ररी दोन्ही आर्किटेक्चरची ठेवायची तर दोन्हींची आवृत्ती तंतोतंत एकच हवी. बाहेरची रिपॉझिटरी (पॅकेजांचं कोठार) जोडली की ही जोडी फुटते आणि मग एपीटी, म्हणजे पॅकेजं आणणारा आणि काढणारा प्रोग्राम, मार्ग काढायला भलतीच पॅकेजं काढायला निघतो. म्हणून ‘वाय’ दाबण्याआधी काढल्या जाणाऱ्या पॅकेजांची यादी वाचा. त्यात डेस्कटॉपचं नाव दिसलं तर ‘एन’ दाबा आणि आम्हाला फोन करा. जबरदस्तीने बसवण्याचा पर्याय इंटरनेटवर कुणी सांगितला तरी वापरू नका, ही कळकळीची विनंती.

काउंटरवर रास्पबेरी पाय असेल तर प्रिंटर घेण्याआधी आम्हाला मॉडेल कळवा. ६४ बिट पीसीचा प्रोसेसर ३२ बिटच्या सूचना स्वतः पाळू शकतो, म्हणून वरची युक्ती चालली. आर्म प्रोसेसरला ती भाषाच येत नाही. कंपनीने फक्त एएमडी६४ चा ड्रायव्हर दिला असेल तर तिथे आर्किटेक्चर जोडून काही होत नाही. ड्रायव्हरशिवाय चालणारा प्रिंटर घेतलेला बरा. शिवाय पायवर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ६४ बिट आणि पॅकेजं ३२ बिट, ‘आर्मएचएफ’ची, असंही असतं. त्यामुळे कर्नलला न विचारता डीपीकेजीला आर्किटेक्चर विचारा.

ज्यांच्याकडे अजून अस्सल ३२ बिट पीसी आहे त्यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ वर जाऊ नये. त्यात आय३८६ चा कर्नल आणि इन्स्टॉलर बंद झाला. उरल्या आहेत त्या ६४ बिट मशीनवर जुने प्रोग्राम चालवण्यापुरत्या लायब्ररी. तो पीसी १२ वरच ठेवा आणि डेटा हलवायचा दिवस आमच्याशी बोलून ठरवा.