सेल्फ-हेल्प प्लस

मोठ्या गटाला ताणतणाव हाताळायला शिकवणारा, जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेला अभ्यासक्रम. अवघड विचार-भावनांशी न झगडता आपल्याला मोलाच्या वाटणाऱ्या गोष्टी करत राहायला शिकवणाऱ्या स्वीकृती व बांधिलकी उपचारपद्धतीवर (अ‍ॅक्ट) तो उभारलेला असून सजगता (माइंडफुलनेस), म्हणजेच चालू क्षणाकडे जाणीवपूर्वक लक्ष देणे, हा त्याचा गाभा आहे. युद्ध आणि विस्थापनाने होरपळलेल्या, मानसोपचारतज्ज्ञ सहसा पोचत नाहीत अशा वस्त्यांचा विचार करून त्याची आखणी झाली.

सजगतेवर आधारित उपचार आधुनिक रुग्णालयांत रुजले ते मुख्यतः जॉन कबाट-झिन यांच्या वर्गांमुळे. १९७९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात हे वर्ग सुरू झाले. आठ आठवडे, दर आठवड्याला सुमारे अडीच तासांची बैठक, शिवाय घरी रोज पाऊण तासाचा सराव असे त्यांचे रूढ स्वरूप आहे. इगतपुरीच्या विपश्यना शिबिरात दहा दिवस राहून मौन पाळावे लागते. कडेवर मूल घेऊन पाणी आणि रेशनसाठी रांगेत उभ्या राहणाऱ्या निर्वासित बाईला यातले काहीच परवडणारे नाही. सजगता कुणापर्यंत पोचते हे बरेचसे इथेच ठरते.

सेल्फ-हेल्प प्लसमध्ये पाच बैठका असतात, प्रत्येकी सुमारे दोन तासांच्या. एका गटात तीसपर्यंत माणसे बसू शकतात. शिकवण्याचे मुख्य काम ध्वनिमुद्रण करते. थोड्या दिवसांचे प्रशिक्षण घेतलेले सुलभक ते वाजवतात, चर्चा घडवून आणतात. सोबत चित्रांचे पुस्तक असते. तज्ज्ञाचे कौशल्य आवाजात साठवून ठेवण्याची ही युक्ती या अभ्यासक्रमाची सर्वांत मोलाची बाजू म्हणावी लागेल, कारण भाषा बदलायची तर नवे तज्ज्ञ घडवावे लागत नाहीत, नवे ध्वनिमुद्रण पुरते.

बैठकांत शिकवले जाणारे सराव साधे आहेत. मन भरकटू लागले की पाय जमिनीवर हळूच दाबायचे, हात ताणायचे किंवा तळवे एकमेकांवर दाबायचे, श्वास सावकाश सोडायचा. मग आजूबाजूला काय दिसते, काय ऐकू येते, हाताला काय लागते याकडे लक्ष द्यायचे. अमेरिकी वर्गात बेदाणा हातात घेऊन लक्षपूर्वक खायला शिकवतात, इथे चहाचा कप चालतो. छळणारी आठवण आली तर तिला हुसकावायचे नाही; ‘ही एक अवघड आठवण आहे’ असे मनाशी म्हणायचे आणि हातातल्या कामाकडे परतायचे. सकारात्मक विचार करा, असा आग्रह इथे नाही. तो असता तर क्रूर ठरला असता: या माणसांची भीती खोटी नाही, त्यांच्या घरातली माणसे खरोखरच मारली गेली आहेत.

पहिली मोठी चाचणी वायव्य युगांडातील ऱ्हायनो कॅम्प या वसाहतीत, दक्षिण सुदानहून आलेल्या निर्वासित स्त्रियांमध्ये झाली. १४ गावांतील ६९४ स्त्रिया तिच्यात होत्या आणि ध्वनिमुद्रण होते जुबा अरबीत. ही भाषा दक्षिण सुदानमधील अनेक जमातींना जोडणारी बोली आहे, त्यामुळे वेगवेगळ्या मातृभाषांच्या बायका एका गटात बसू शकल्या. ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२० साली निष्कर्ष आले. अभ्यासक्रम संपताच मानसिक त्रास ठळकपणे कमी झाला होता; तीन महिन्यांनी हा फरक बराच लहान झाला, पण टिकून होता.

तुर्कस्तानात ६४२ सीरियन निर्वासितांवर झालेल्या चाचणीत सहा महिन्यांनी मानसिक विकार जडलेल्यांचे प्रमाण अभ्यासक्रम केलेल्या गटात कमी आढळले. पश्चिम युरोपातील निर्वासितांमध्ये मात्र सहा महिन्यांनी असा फरक दिसला नाही. एकाच साच्याचा परिणाम जागेनुसार बदलतो, हे या दोन निकालांतून स्पष्ट होते.

यातील चित्रमय पुस्तक २०२० मध्ये स्वतंत्रपणेही प्रसिद्ध झाले असून ते विनामूल्य मिळते. आत्महत्येचा तातडीचा धोका किंवा तीव्र मानसिक आजार असलेल्यांसाठी हा अभ्यासक्रम पुरेसा नाही. त्यांना थेट वैद्यकीय उपचारांकडे पाठवावे लागते.