कैलास-मानसरोवरचा सरकारी अर्ज: मुंबईकर कुठे अडकतात

परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कैलास-मानसरोवर यात्रेचा हा अर्ज भरायला अर्धा तास पुरतो. नाव, पत्ता, फोटो, पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची स्कॅन प्रत, मार्गाची पसंती, झालं. नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका, मधलं नाव गाळू नका. लोक बाद होतात ते अर्ज उघडण्याच्या कितीतरी आधी, आणि त्यांना ते मे महिन्यात कळतं.

खंडानंतर २०२५ साली यात्रा पुन्हा सुरू झाली, तेव्हा अर्जाची मुदत एप्रिलच्या अखेरीपासून १३ मेपर्यंत होती. एवढ्या दिवसांत पासपोर्ट नवा होत नाही आणि वजनही उतरत नाही. त्यामुळे तयारी दिवाळीला सुरू करायची.

पासपोर्टची अट सगळ्यात जास्त चुकीची वाचली जाते. सहा महिन्यांची वैधता अर्जाच्या दिवसापासून मोजायची नसते, निघायच्या दिवसापासूनही नाही. त्या वर्षीच्या १ सप्टेंबरला सहा महिने शिल्लक हवेत. पासपोर्ट पुढच्या जानेवारीत संपणार असेल तर मे महिन्यात तो आठ महिने चालेलसा दिसतो, पण या हिशेबात बसत नाही. नूतनीकरण करायला जावं तर मुंबईत वेगळाच घोळ. इमारत पुनर्विकासाला गेलेली, तुम्ही दुसरीकडे भाड्याने, आणि घरमालकाने करार नोंदवलेलाच नाही. सध्याच्या पत्त्याचा पुरावा नाही म्हणून पोलीस पडताळणी लटकते. आधी नोंदणीकृत भाडेकरार हातात घ्या, मगच पासपोर्टची अपॉइंटमेंट.

वयाची अट सरळ आहे: त्या वर्षीच्या १ जानेवारीला १८ पूर्ण, ७० पेक्षा जास्त नाही. पासपोर्ट भारतीयच लागतो. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मुलाला ओसीआय कार्डावर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) सोबत नेता येत नाही. हे कितीही वेळा सांगितलं तरी दरवर्षी कुणीतरी विचारतंच. संकेतस्थळावरच्या एका खात्यातून दोघांनाच एकत्र अर्ज करता येतो, तिसऱ्याला वेगळा करावा लागतो. पुढे म्हाडासारखी संगणकीय सोडत असते, त्यामुळे ‘आतून नाव लावतो’ म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका. यात्रेचे मार्ग दोन: उत्तराखंडातून लिपुलेख खिंडीचा आणि सिक्कीममधून नथू ला खिंडीचा. २०२५ मध्ये लिपुलेखमार्गे ५० जणांच्या ५ आणि नथू लामार्गे तेवढ्याच जणांच्या १० तुकड्या होत्या. म्हणजे जागा ७५०, आणि अर्ज पाच हजारांच्या वर.

आता वजन. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २५ किंवा त्याहून कमी हवा. उंची मीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा, २५ने गुणा: तेवढे किलो ही तुमची मर्यादा. १५५ सेंमीला ६०, १६० ला ६४, १६५ ला ६८, १७० ला ७२. अर्जात दोन किलो कमी लिहून काही साधत नाही, दिल्लीत काट्यावर उभं करतात. तिथल्या तपासणीत रक्तदाब, मधुमेह, दमा, हृदयविकार यांवर लोक अपात्र ठरतात. मुंबईतल्या लॅबचे रिपोर्ट तिथे ग्राह्य धरत नाहीत, सगळ्या चाचण्या पुन्हा होतात. तरीही टीएमटी (पट्ट्यावर चालवून केलेली हृदयाची तपासणी) आणि फुप्फुसांची चाचणी इथे आधी करून घ्या, म्हणजे भरलेले पैसे बुडायचे नाहीत. निवड पक्की करताना भरलेली रक्कम परत मिळत नाही. आजार लपवणाऱ्यांनी एवढंच लक्षात घ्यावं की कैलासाच्या परिक्रमेतली डोल्मा ला ही खिंड अठरा हजार फुटांच्या वर आहे, आणि तिथे जवळपास मोठं रुग्णालय नाही.

निवड झाल्यावर तीन कागद लागतात: हमीपत्र, आणीबाणीत हेलिकॉप्टरने हलवण्याबाबतचं वचनपत्र, आणि चीनच्या हद्दीत मृत्यू आल्यास तिथेच अंत्यसंस्कार करायला संमती. तिसरा वाचून घरचे हादरतात, त्यांना आधीच सांगून ठेवा. हमीपत्र स्टॅम्प पेपरवर करून नोटरी किंवा प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यांकडून साक्षांकित करायचं असतं. जुन्या माहितीच्या भरवशावर बरेच जण १०० रुपयांचा पेपर मागतात. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात बहुतेक दस्तांना किमान ५०० रुपये मुद्रांक लागतो, त्यामुळे नोटरीला विचारूनच पेपर घ्या. मसुदा मंत्रालयाचाच वापरा. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टच्या संगणकात असलेलं ‘असंच एक’ हमीपत्र चालणार नाही.

परतीचं विमान मात्र बदलता येईल असंच घ्या. लिपुलेखच्या मार्गावर गुंजीला पुन्हा वैद्यकीय तपासणी होते, आणि दिल्लीत पास झालेले काही जण तिथून मागे फिरतात.