कोडीचा मेनू रखडतोय? बॉक्स बदलण्याआधी हे करून बघा

आमच्याकडून कोडी (टीव्हीवर सिनेमे दाखवणारे सॉफ्टवेअर) घातलेला रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक, म्हणजेच बॉक्स, नेलेल्या ग्राहकांची नेहमीची तक्रार: सिनेमा झकास चालतो, मेनू मात्र अडखळतो. यात इंटरनेटचा दोष नसतो आणि बॉक्सही बिघडलेला नसतो. व्हिडिओ उलगडायला पायमध्ये वेगळी सोय आहे. पोस्टर, पार्श्वचित्रे आणि सरकत्या याद्यांचा भार पडतो तो ग्राफिक्स चिपवर. टीव्ही फोर-के असला की मेनूसुद्धा फोर-केमध्ये काढला जाऊ शकतो, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके. फुल एचडीला २१ लाखही लागत नाहीत.

म्हणून पहिले काम हे. होम स्क्रीनवरच्या चाकाच्या चिन्हातून सेटिंग्जमध्ये जा, सिस्टिम उघडा आणि डावीकडे खाली दिसणारी पातळी 'एक्स्पर्ट'वर आणा. मग डिस्प्लेमध्ये रिझोल्यूशन १९२०×१०८० ठेवा. सोफ्यावरून मेनूत काहीही फरक कळत नाही. सिनेमे मात्र फोर-केमध्येच दिसायला हवेत, तर त्याच पानावरच्या व्हाइटलिस्टमध्ये (सिनेमासाठी परवानगी असलेल्या रिझोल्यूशनच्या यादीत) १०८०पी आणि २१६०पीच्या नोंदींवर खूण करा. नंतर प्लेअर – व्हिडिओज इथे रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो वेग) जुळवण्याचा पर्याय 'ऑन स्टार्ट/स्टॉप' करा. सिनेमा सुरू होताना पडदा क्षणभर काळा होईल. ते बरोबरच आहे.

एवढ्याने भागले नाही तर इंटरफेस – स्किनमधून एस्चुअरीच्या (कोडीच्या मूळ रूपाच्या) सेटिंग्ज उघडून सरकत्या अ‍ॅनिमेशनला आणि मागच्या फॅनआर्टला, म्हणजे पार्श्वचित्रांना, सुट्टी द्या. दिसायला थोडे रुक्ष, पण वेगात फरक पडतो. 'सुरू होताना लायब्ररी अपडेट' बंद ठेवा, आणि पडद्याच्या कोपऱ्यात आकड्यांच्या ओळी दिसत असतील तर डीबग लॉगिंगही (दोष शोधण्यासाठीची तांत्रिक नोंद).

दोन उपाय मात्र करू नका. थंबनेल्सचे (साठवलेल्या पोस्टर-चित्रांचे) फोल्डर उडवलेत तर सगळी पोस्टर पुन्हा उतरवावी लागतात आणि काही दिवस मेनू आणखी मंद होतो. बफर (व्हिडिओचा आगाऊ साठा) वाढवण्याचाही मेनूला उपयोग नाही. तो नेटवर्कवरून येणारा व्हिडिओ थांबू नये म्हणून असतो आणि रॅम खातो.

कमी व्होल्टेजची सूचना येत असेल तर सेटिंग्जना हात लावूच नका. मोबाइलच्या जुन्या चार्जरवर पाय चालवला की तो स्वतःहून वेग कमी करतो. ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर लावा. बॉक्ससोबत दिलेला हरवला असेल तर दुकानात मिळेल.