टमी टकनंतरची रेंगाळणारी जखम

टमी टक म्हणजे उदर-सौष्ठव शस्त्रक्रिया. तीत ओटीपोटावरची सैल कातडी आणि चरबी काढतात, गरज असेल तर पोटाचे स्नायू आवळून शिवतात आणि वरची त्वचा खाली ओढून टाके घालतात. चीर कमरेच्या एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत जाते. बेंबीभोवती आणखी एक गोल चीर असते. बहुतेकांची जखम दोन-तीन आठवड्यांत वरून मिटते. काहींची एखाद्या जागी उसवते, ओलसर राहते आणि भरून यायला कित्येक आठवडे, क्वचित महिने घेते. लांबलेल्या या काळातल्या काळजीविषयी ही नोंद आहे.

जखम उसवते ती बहुधा मधोमध, ओटीपोटाच्या खालच्या भागात. त्याचे कारण रक्तपुरवठ्यात आहे. पोटाच्या त्वचेला रक्त कोणकोणत्या वाटांनी मिळते, याची तीन क्षेत्रांत विभागणी ह्यूजर या शल्यचिकित्सकाने १९७९ मध्ये मांडली. त्वचा स्नायूंपासून सोडवताना मधल्या आणि खालच्या वाटा तुटतात. मग खाली ओढलेल्या त्वचेची सगळी भिस्त बरगड्यांच्या व कमरेच्या बाजूने येणाऱ्या रक्तवाहिन्यांवर राहते. मधली कड या पुरवठ्यापासून सर्वांत लांब असते आणि ताणही तिथेच सर्वांत जास्त पडतो. म्हणूनच पहिले काही दिवस कमरेत वाकून चालायला आणि गुडघ्यांखाली उशी घेऊन झोपायला सांगतात. ताठ चालण्याची घाई या काळात खरोखर महागात पडते.

धूम्रपानाने हा तोकडा पुरवठा आणखी घटतो. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, तर कार्बन मोनॉक्साइडमुळे रक्त प्राणवायू कमी वाहून नेते. शस्त्रक्रियेआधी किमान चार आठवडे आणि जखम पूर्ण भरेपर्यंत सिगारेट बंद ठेवावी लागते. व्हेपमधूनही, म्हणजे ई-सिगारेटमधूनही, सहसा निकोटीनच शरीरात जाते. आटोक्यात नसलेला मधुमेह, स्थूलता, स्टिरॉइडची औषधे आणि त्वचेखाली साचणारे पाणी, म्हणजे सेरोमा, हीही नेहमीची कारणे आहेत. कधी कारण अगदी क्षुल्लक निघते: आतल्या विरघळणाऱ्या टाक्याचे टोक बाहेर डोकावते, तिथे पुळी येते आणि डॉक्टरांनी तो धागा काढला की जागा भरून येते.

उसवलेल्या जागी लगेच पुन्हा टाके का घालत नाहीत, हा रुग्णाचा पहिला प्रश्न असतो आणि तो स्वाभाविक आहे. अशा वेळी कडा सुजलेल्या व नाजूक असतात, टाका धरत नाही. शिवाय उघड्या जखमेत शिरलेले जंतू आत कोंडले जातात. म्हणून बहुतेक वेळा जखम उघडी ठेवून तळातून वर भरू देतात. तळाशी लालबुंद, दाणेदार मांसांकुर येतात, कडा आत ओढल्या जातात आणि शेवटी त्यांवर नवी त्वचा सरकत येते. यात दिवसागणिक फरक दिसत नाही. दर आठवड्याला त्याच उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढला, तर प्रगती दिसते आणि डॉक्टरांनाही उपयोग होतो.

जखम उघडी ठेवून वाळवावी, खपली धरू द्यावी, ही समजूत अजून घट्ट आहे. जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांच्या त्वचेवरील प्रयोगांत दाखवले, की झाकून ओलसर ठेवलेल्या उथळ जखमेवर नवी त्वचा साधारण दुप्पट वेगाने येते. आजचे ड्रेसिंग याच तत्त्वावर उभे आहे. स्राव फार असेल तर तो शोषणारे अल्जिनेट किंवा फोम, जखम कोरडी असेल तर ओलावा देणारे हायड्रोजेल वापरतात. खोल पोकळीत गॉज सैल भरायचा, कोंबायचा नाही. आणि किती तुकडे आत घातले ते मोजून ठेवायचे. मोठ्या जखमेसाठी फोमवर हवाबंद पारदर्शक पट्टी लावून यंत्राने सुमारे १२५ मिलिमीटर पाऱ्याइतका ऋण दाब देतात. हे ड्रेसिंग साधारण दोन-तीन दिवसांनी बदलतात. धुण्यासाठी सलाइन, किंवा डॉक्टरांची हरकत नसेल तर नळाचे पिण्याजोगे स्वच्छ पाणी पुरते. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिट रोज वापरू नये, कारण त्यांनी जंतूंबरोबर नव्या पेशीही मरतात.

जखमेतला पिवळा, चिकट थर पाहून बरेच जण पू झाला म्हणून घाबरतात. तो बहुधा मृत पेशी व तंतूंचा साका असतो. काळा, कडक भाग म्हणजे मेलेली त्वचा; ती घरी ओढून काढू नये, डॉक्टर योग्य वेळी कापून काढतात.

जखम भरायला कच्चा माल लागतो. शरीराच्या दर किलो वजनामागे रोज सुमारे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने घ्यावीत असे सहसा सांगतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधी विचारावे. बॅरिअ‍ॅट्रिक, म्हणजे वजन घटवण्यासाठी जठर-आतड्यांवर केलेल्या, शस्त्रक्रियेने वजन उतरवून मग टमी टक करणाऱ्यांत प्रथिने, लोह आणि जस्ताची कमतरता अनेकदा आढळते. त्यांची रक्ततपासणी टाळू नये.

हळू भरणे वेगळे आणि बिघडणे वेगळे. पसरत जाणारी लाली, ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप, दुर्गंधी किंवा वाढत जाणारे दुखणे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. असह्य वेदना, जांभळी पडलेली त्वचा, फोड, पोटरीची सूज किंवा धाप असेल तर तातडीने रुग्णालय गाठावे. दोन आजार मात्र फसवे आहेत. क्षयाच्या जंतूंच्या जातकुळीतले काही जीवाणू कित्येक आठवड्यांनी गाठी व पू निर्माण करतात. नेहमीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, ते बहुधा सापडत नाहीत, म्हणून वेगळी तपासणी मागवावी लागते. पायोडर्मा गँग्रिनोसम या त्वचेच्या दुर्मिळ आजारात जांभळ्या कडांची, अतिशय दुखणारी जखम झपाट्याने पसरते. ती संसर्गासारखी दिसते, पण कापून साफ केली की आणखी वाढते. तिला स्टिरॉइडसारखी प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे लागतात.

आणखी एक अडथळा क्वचितच बोलला जातो. ‘हौसेने करून घेतलेले ऑपरेशन’ म्हणून रुग्ण अपराधी वाटून घेतो, जखम घरच्यांपासून लपवतो आणि डॉक्टरांकडे उशिरा जातो. जखम उसवणे ही या शस्त्रक्रियेची माहीत असलेली गुंतागुंत आहे. ती कोणाची शिक्षा नव्हे. हे ऑपरेशनपूर्वीच्या भेटीतच स्पष्ट सांगितले गेले पाहिजे.

त्वचा मिटली तरी ताकद उशिरा येते: तीन आठवड्यांनी मूळ त्वचेच्या जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा, तीन महिन्यांनी ८० टक्क्यांच्या आसपास, आणि पूर्ण कधीच नाही. व्रण मऊ व सपाट व्हावा म्हणून वापरायची सिलिकॉनची पट्टी किंवा जेल जखम पूर्ण बंद झाल्यावरच लावतात. रुंद राहिलेल्या व्रणाच्या दुरुस्तीसाठी साधारण सहा महिने ते वर्षभर थांबतात. तोवर पोटाची त्वचा सैलावलेली असते, त्यामुळे व्रण कापून पुन्हा शिवताना पहिल्यासारखा ताण पडत नाही आणि छोटी दुरुस्ती तेवढी जागा बधिर करूनही होते.