गॅस गीझर पेटत नाही तेव्हा, आणि पेटतो तेव्हाही

डिसेंबर लागला की नाशिकमध्ये पहाटेचा गारठा अंगावर येतो, निफाडचा पारा तर दरवर्षी बातम्यांत असतोच, आणि नेमकं याच दिवसांत घरोघरच्या गॅस गीझरच्या तक्रारी सुरू होतात. मेकॅनिक सगळीकडे बिझी. पण तो येईपर्यंत गीझर कुठे अडलाय हे बऱ्याचदा घरच्या घरी कळू शकतं, त्यासाठी कव्हर उघडायची पण गरज नाही, नळ सोडायचा आणि नीट ऐकायचं.

आत काय होतं ते आधी बघू. नळ सोडला की पाणी गीझरमधून वाहायला लागतं, त्याच्या दाबाने आतला रबरी पडदा सरकतो, पडदा एक छोटा स्विच दाबतो, स्विचमुळे सेलचं सर्किट चालू होतं, मग टक-टक-टक ठिणगी पडते आणि त्याच वेळी गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. बर्नर पेटला की ज्वाळेत असलेल्या एका दांडीतून अगदी बारीक करंट वाहतो, कारण ज्वाळेत आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, असतात आणि त्यामुळे ज्वाळा वीज वाहून नेते. हा करंट मिळाला तरच सर्किट गॅस चालू ठेवतं, नाहीतर काही सेकंदांत बंद करतं.

आता नळ सोडला आणि टक-टक आवाजच आला नाही, तर एकतर सेल पूर्ण गेलेत किंवा पाण्याचा दाब पुरत नाहीये. दाबाचं गणित सोपं आहे, टाकीची उंची दर 1 मीटरमागे साधारण 0.1 बार दाब देते. त्यामुळे गंगापूर रोडवरच्या एखाद्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर मस्त चालणारा गीझर सगळ्यात वरच्या मजल्यावर पेटतच नाही, कारण गच्चीवरची टाकी डोक्यावर जेमतेम दोन-तीन मीटर असते, म्हणजे दाब 0.2-0.3 बार, आणि बऱ्याच गीझरला निदान तेवढा तरी लागतोच. अशा घरात गीझर बदलून काही होत नाही, प्रेशर पंप लागतो किंवा कमी दाबावर चालणारं मॉडेल. पण कालपर्यंत चालत होता आणि आज नाही असं असेल तर पाणी जिथून गीझरमध्ये शिरतं तिथली जाळी काढून बघा, टाकी धुतल्यावर तिथे रेती-गाळ हमखास अडकतो. शॉवरची भोकं क्षाराने बुजली असली तरी हेच होतं, कारण प्रवाहच कमी पडतो.

टक-टक होतंय पण पेटत नाही, ही दुसरी केस. इथे पहिला संशय सेलवर. दोन मोठे सेल मिळून 3 व्होल्ट देतात, सेल उतरले की ठिणगी पडते पण व्हॉल्व्ह उघडायला जोर उरत नाही, आणि थंडीत सेल अजूनच ढिले पडतात. रिचार्जेबल सेल टाकू नका, त्यांचे दोन मिळून 2.4 व्होल्टच होतात. सेल नवीन असतील तर मग सिलिंडर. एलपीजीमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन दोन्ही असतात, प्रोपेन उणे 42 अंशांना उकळतो तर ब्युटेन उणे 0.5 ला, त्यामुळे आधी प्रोपेन जास्त उडून जातो आणि सिलिंडर संपत आला की तळाला मुख्यतः ब्युटेन राहतो. बाहेर 7-8 अंश असताना तो संथपणे वाफ होतो, त्यात वाफ होताना सिलिंडर स्वतःच गार पडतो, म्हणून शेगडी चालते पण गीझरला गॅस पुरत नाही. यावर उपाय म्हणून सिलिंडर आडवा करणं, शेकोटीजवळ ठेवणं, उकळतं पाणी ओतणं असले प्रकार कृपा करून करू नका. शहरात काही ठिकाणी आता पाइपचा गॅस आलाय, तिथे जुना एलपीजीचा गीझर तसाच जोडला तर नीट चालणार नाही, त्या गॅसला मोठ्या भोकाचे जेट (बर्नरला गॅस सोडणारी तोंडं) लागतात, ते कंपनीच्या माणसाकडूनच बदलून घ्या.

पेटतो आणि लगेच विझतो, तर ज्वाळेतल्या त्या दांडीवर बहुतेक काजळी बसलीये. दांडी साफ करून काम होतं, पण काजळी आली कुठून हे विचारलंच पाहिजे, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. नीट हवा मिळाली तर एलपीजीची ज्वाळा निळी असते. पिवळी झाली, काजळी धरायला लागली, म्हणजे हवा कमी पडतेय आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होत असण्याची दाट शक्यता आहे.

किती हवा लागते ते बघा. मिनिटाला 6 लिटर पाणी 25 अंशांनी तापवायला सुमारे साडेदहा किलोवॅट लागतात, इलेक्ट्रिक इन्स्टंट गीझर 3 किलोवॅटचा असतो त्याच्या तिपटीहून जास्त. त्यासाठी तासाला जवळपास 1 किलो गॅस जळतो आणि 1 किलो गॅसला 12-13 घनमीटर हवा लागते. म्हणजे 20 मिनिटांच्या आंघोळीत चार घनमीटर हवा गेली. आणि 4 बाय 6 फुटांचं, 8 फूट उंच बाथरूम म्हणजे जेमतेम साडेपाच घनमीटर! त्यात थंडी म्हणून खिडकीला पुठ्ठा लावलेला, दाराखाली पायपुसणं सरकवलेलं. सगळी हवा संपायचीही गरज नाही, ऑक्सिजन थोडा घटला की ज्वाळा बिघडायला लागते. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो. म्हणून गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत, बाल्कनीत वगैरे हवा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप यावा, यात मला तडजोड दिसत नाही.

बोअरचं पाणी असेल तर अजून एक त्रास असतो. पाणी तापलं की त्यातले कॅल्शियमचे क्षार तांब्याच्या नळीत आतून थर धरतात, मग पाणी कमी येतं, तापताना कडकड आवाज येतो. वर्षातून एकदा, थंडी सुरू व्हायच्या आधी, मेकॅनिककडून नळी आतून आणि तिच्यावरच्या पातळ पट्ट्या बाहेरून साफ करून घ्या, कारण पट्ट्या काजळीने बुजल्या की जळालेला गॅस वर जात नाही, ज्वाळेला हवा मिळत नाही आणि काजळी अजून वाढते. गॅसचा वास आला तर मात्र कुठलंही बटण चालू-बंद न करता रेग्युलेटर बंद करायचा, खिडक्या उघडायच्या आणि बाहेर जाऊन 1906 या एलपीजी गळतीच्या हेल्पलाइनला फोन लावायचा.

आणि आंघोळीला गेलेल्या माणसाला चक्कर, मळमळ, डोकेदुखी जाणवली किंवा आतून आवाजच येईना, तर दार तोडून आधी त्याला मोकळ्या हवेत आणा, 108 ला फोन करा. घरातला ऑक्सिमीटर बोटाला लावून निवांत होऊ नका, कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं आणि आकडा 98 सुद्धा दाखवू शकतो. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की बाथरूममध्ये गॅस गीझर चालू होता, म्हणजे ते लगेच ऑक्सिजन सुरू करून रक्ताची योग्य तपासणी करतील.